स्वस्त पिस्तुलाची पारख

बायकोसाठी पिस्तूल बघतोय, असं मी फोनवर सांगितलं की पलीकडे जी शांतता पसरायची, तिची मला त्या उन्हाळ्यात सवय झाली. पुण्याहून वहिनीचा फोन आला तेव्हा तर तिने दबक्या आवाजात विचारलं, "भावजी, तुमच्या दोघांचं बरं चाललंय ना?"

मग खुलासा करावा लागे. इंग्लंडात सामान्य माणसाला खरं पिस्तूल बाळगता येत नाही, आणि हे माझ्या मते या देशाने घेतलेल्या थोड्या शहाण्या निर्णयांपैकी एक आहे. पण नेमबाजीची हौस कायद्याने जात नाही. म्हणून इथल्या क्लबांत गॅसवर चालणारी पिस्तुलं वापरतात. आकार, वजन, चालवायची रीत सगळं खऱ्यासारखं. आत दारूऐवजी गॅस आणि गोळीऐवजी मोठ्या साबुदाण्याएवढा प्लास्टिकचा छर्रा. खटका ओढला की एक छर्रा सुटतो, वरची स्लाईड आपोआप मागे जाऊन पुढे येते आणि पुढचा छर्रा नळीत बसतो. निदान बसावा अशी अपेक्षा असते. महागड्या आणि स्वस्त पिस्तुलात जो काही फरक आहे तो सगळा या 'आपोआप'मध्ये आहे.

बायको लीड्समध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होती. निवृत्त होऊन वर्ष व्हायच्या आत ती भरतकाम, बागकाम आणि मंडळाचं कार्यकारी पद अशा तिन्ही गोष्टींना कंटाळली. मग एके दिवशी लायब्ररीच्या फलकावर तिला पिस्तूल क्लबची चिठ्ठी दिसली. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात आम्ही एकाच बॅचला होतो. तेव्हा ती छात्रसेनेत रायफल चालवायची आणि माझ्यासकट निम्म्या वर्गाला तिचा धाक होता. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली म्हणून वडिलांनी तिला दिल्लीच्या शिबिराला पाठवलं नाही. त्यानंतर रायफल सुटली ती सुटलीच. यावर ती कधी बोलत नाही, त्यामुळे किती लागलं असेल याचा अंदाज मला आहे.

क्लब शहराबाहेरच्या कम्युनिटी हॉलमध्ये भरतो. मंगळवारी योगा, बुधवारी लहान मुलांचा बॅले, गुरुवारी पिस्तुलं. मुख्य प्रशिक्षक कौन्सिलच्या पार्किंग खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या जॅकेटवर इतके कापडी बिल्ले शिवलेले आहेत की मूळ जॅकेट कोणत्या रंगाचं होतं हे आता सांगता येणार नाही. ते पिस्तुलाला पिस्तूल म्हणत नाहीत, 'प्लॅटफॉर्म' म्हणतात. हॉलच्या स्वयंपाकघरात चहा घेताना चमचा कुठे आहे हे विचारायचं असलं तरी ते आधी पाय फाकवून उभे राहतात.

दोन महिने बायकोने क्लबचं पिस्तूल वापरलं. मग ऑक्टोबरात परीक्षा ठरली. ती पास होऊन कार्ड मिळाल्याशिवाय सामन्यात उतरता येत नाही, आणि परीक्षेला पिस्तूल स्वतःचं लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये पुन्हा होणारच होती. पण बायकोच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय. दीड वर्ष वाट पाहून हॉस्पिटलने ऑपरेशनची तारीख दिली ती नोव्हेंबरची. ती नाकारली असती तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. ऑपरेशननंतर पकड किती परत येईल, याबद्दल सर्जनबाई फार सौम्य बोलल्या. डॉक्टर सौम्य बोलू लागले की काय समजायचं ते आम्हा दोघांना ठाऊक आहे.

"म्हणजे ऑक्टोबर," बायको म्हणाली. "मला एकदा तरी कार्ड हवंय. पुढचं पुढे."

पिस्तूल घ्यायचं ते स्वस्तातलं, हेही तिनेच ठरवलं. एका परीक्षेनंतर कदाचित कपाटात जाणाऱ्या वस्तूवर उधळायचं नाही, हा तिचा मुद्दा. स्वस्त पण परीक्षेत दगा न देणारं हवं होतं, आणि ते शोधायचं काम मी माझ्याकडे घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या रक्ततपासणी विभागात घालवली. कोणतं यंत्र घ्यावं यासाठी टाय लावून आलेल्या विक्रेत्यांची भाषणं ऐकण्यात त्यातली बरीच गेली. माझ्या मते हे काम माझ्यासाठीच होतं.

पहिले दोन आठवडे मी व्हिडिओ पाहिले. ही एक वेगळीच शिक्षा आहे. हातमोजे घातलेला एक दाढीवाला आपल्या बेडरूममध्ये बसून आधी खोक्याचं वर्णन करतो. मग खोक्यातल्या फोमचं करतो. मग पिस्तूल दोन्ही हातांनी दिव्याखाली असं फिरवतो, जणू लग्नात बोहल्यावर आणलंय. पहिला छर्रा सुटेपर्यंत माझा चहा निवलेला असायचा. आणि तो सुटला की हा गृहस्थ म्हणणार, "या किमतीत याहून विश्वासार्ह काही नाही." त्याने एकूण तेरा छर्रे उडवलेले असतात.

लेखी अभिप्राय याहून थोर. "अजून वापरलं नाही, पण खोकं मजबूत आहे. पाच तारे." "नवऱ्याच्या वाढदिवसाला दिलं, तो खूश आहे. पाच तारे." "पार्सल शेजाऱ्याच्या दारात टाकलं. एक तारा." पिस्तूल अडकतं की नाही हे सांगण्याची गरज कुणालाच वाटलेली नाही.

रीडिंगला आमचा एक मित्र आहे, सॉफ्टवेअरमधला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याने आयुष्यात पिचकारीपलीकडे काही उडवलेलं नाही. त्याला विषय कळताच त्याने एक्सेलचा तक्ता पाठवला.

"डॉक्टर, तुम्ही फोर पॉइंट फाइव्हच्या खालचं बघूच नका," तो फोनवर म्हणाला. "आणि वेटेड अ‍ॅव्हरेज घ्या. बिल्ड क्वालिटीला चाळीस टक्के."

"बिल्ड क्वालिटी म्हणजे काय?"

"म्हणजे... ओव्हरऑल. हातात घेतल्यावर कळतं."

"तू हातात घेतलंयस?"

"मी डेटा बघतोय ना, डॉक्टर."

त्याच्या तक्त्यात पहिलं आलेलं पिस्तूल वर्षभरापूर्वी बनायचं बंद झालं होतं.

पण त्या ढिगाऱ्यातून दोन कामाच्या गोष्टी हाती लागल्या आणि त्या मी इथे लिहून ठेवतो, कारण मला त्या कुणी सांगितल्या नाहीत. पहिली म्हणजे पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून तीन तारेवाल्यांचं वाचावं, आणि त्यातही 'दोन महिन्यांनी' हे शब्द असतील तेवढंच. तीन तारे देणाऱ्या माणसाने वस्तू सहसा वापरलेली असते आणि तो थोडासा दुखावलेला असतो. त्याला खोटं बोलायचं कारण उरलेलं नसतं. दुसरी म्हणजे पिस्तुलाच्या नव्हे, तर त्याच्या सुट्या भागांच्या पानावर जावं. ज्याचा एकच विशिष्ट भाग सगळ्या दुकानांत संपलेला असतो, ते पिस्तूल नेमकं तिथेच मोडतं. तज्ज्ञ काहीही म्हणोत, गिऱ्हाइकं तिथे रांग लावून साक्ष देत असतात.

या दोन चाळण्यांतून तीन पिस्तुलं उरली. ती बघायला आम्ही दुकानात गेलो. दुकान एका औद्योगिक वसाहतीत, एका बाजूला फरशांचं गोदाम आणि दुसऱ्या बाजूला कुत्र्यांचं पार्लर. दुकानदाराने पानाफुलांच्या नक्षीची लष्करी विजार घातली होती. त्या करड्या वसाहतीत त्याच्याइतकं ठळक दुसरं काही दिसत नव्हतं. त्याने आधीच सांगितलं की नव्या सभासदाला हुबेहूब खऱ्यासारखं पिस्तूल मिळणार नाही; कायद्याप्रमाणे निम्म्याहून जास्त भाग भडक रंगाचा असायला हवा. म्हणजे निळा किंवा हिरवा.

"निळा," बायको म्हणाली. "हिरव्यावर मला झोप येते. तीस वर्षं दवाखान्याच्या भिंती हिरव्या होत्या."

पहिल्याची नळी सोनेरी होती. दुकानदार त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत होता. बायकोने ते घेतलं, रोख भिंतीकडे ठेवला आणि स्लाईड मागे ओढली. ती अर्ध्यावर आली आणि तिचा चेहरा आक्रसला. तिने ते परत ठेवलं. दुसऱ्याची स्लाईड लोण्यासारखी होती. मी खूश झालो आणि त्याचं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी छर्ऱ्यांची आणि गॅसची डबी, गॅस भरून घेऊन कानाला लावलं. तीस वर्षं स्टेथोस्कोप नीट न वापरलेल्या माणसालाही ऐकू यावी अशी स्स्स्स ऐकू आली. झडपेतून गॅस गळत होता. दुकानदार म्हणाला, "ते सेटल होईल." यंत्रं विकणारेही हेच म्हणायचे. एकही यंत्र सेटल झालेलं मी पाहिलं नाही.

तिसरं दिसायला कुरूप होतं. हलवलं की खुळखुळायचं.

"हे सैल आहे," मी म्हणालो.

"सैल बरं," दुकानदार म्हणाला. "घट्ट पिस्तुलात कचरा गेला की अडकतं. सैलात जागा असते."

हे मात्र मला पटलं नाही. विकायचा माल खुळखुळत असेल तर खुळखुळणं हा गुण होणारच. बायको तोपर्यंत आमच्याकडे पाठ करून स्लाईड ओढत होती. एक, दोन, तीन, दहा वेळा. मग तिने मॅगझिन काढलं, घातलं, काढलं, घातलं.

"हे," ती म्हणाली.

"अगं, पण अजून आपण..."

"अंगठ्याला हे झेपतंय. बाकीचं चालेल की नाही यावर तू घरी निबंध लिही."

मी लिहिला. म्हणजे वही घातली. आमच्या गॅरेजमध्ये जुन्या गादीपुढे पत्र्याच्या थाळ्या टांगल्या आणि पाच आठवडे बायको उडवायची, मी नोंदी ठेवायचो. तारीख, मॅगझिनचा क्रमांक, छर्रे किती, अडकलं कितीदा, का. ऑक्टोबरात हॉल गार असणार आणि थंडीत गॅसचा जोर उतरतो, म्हणून मी मॅगझिनं आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवत असे. एकदा पाहुण्यांनी श्रीखंडाचा डबा काढायला फ्रीज उघडला आणि शांतपणे बंद केला.

पहिल्या शंभरात ते चारदा अडकलं. चारही वेळा दुसऱ्या क्रमांकाच्या मॅगझिनवर. ते बदलून आणलं. त्यानंतर तीनशे छर्रे सलग उडाले, एकदाही न अडकता. मी वही मिटली आणि जेवताना बायकोला समजावून सांगितलं की तीनशेत शून्य याचा अर्थ बिघाड होणारच नाही असा नसतो. फार तर शंभरात एकदा होईल, त्याहून वारंवार होणार नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

"म्हणजे पाच आठवडे माझा अंगठा झिजवून तुला काही कळलेलं नाही."

"कळलंय ना. बिघाडाची वरची मर्यादा कळली."

"भाजी घे," ती म्हणाली.

परीक्षेच्या रविवारी दसरा होता. म्हणजे शनिवारी खंडेनवमी. देवाशी माझे संबंध औपचारिक आहेत, पण खंडेनवमी मी कधी चुकवलेली नाही. ज्या वस्तूंनी वर्षभर आपलं काम केलं त्यांच्यापुढे एक दिवस हात जोडावेत, यात मला काही भाबडेपणा वाटत नाही. उलट ज्या समारंभात माणसांच्या गळ्यात हार पडतात त्यांच्यापेक्षा हा बराच बरा. आमच्या घरी ही पूजा माझी. लाल कापडावर दोघांचे स्टेथोस्कोप, माझा जुना मायक्रोस्कोप, बायकोची विळी, गाडीची किल्ली, स्क्रूड्रायव्हरचा डबा. त्या वर्षी मधोमध निळं पिस्तूल.

आता इथे माझी जी चूक झाली ती नीट सांगतो, कारण नंतर अनेकांनी ती चुकीची सांगितली. क्लबचा पहिला नियम असा की हातातून खाली ठेवलेलं पिस्तूल नेहमी उघडं असावं: मॅगझिन बाहेर, स्लाईड मागे अडकवलेली, आत काही नाही हे कुणालाही दुरून दिसलं पाहिजे. हा नियम मला फार आवडतो. सबंध क्लबमध्ये बिल्ल्यांशी संबंध नसलेली तेवढी एकच गोष्ट आहे. म्हणून मी पिस्तूल नियमाप्रमाणे उघडून, उघडी बाजू वर करून, कापडावर ठेवलं. मग परंपरेप्रमाणे हळद वाहिली, कुंकू वाहिलं, लीड्सच्या बाजारातून आणलेली झेंडूची फुलं वाहिली. आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता चांगल्या मोकळ्या हाताने उधळल्या.

संध्याकाळी बायको म्हणाली, "उद्यासाठी दहा-बारा उडवून बघू या का?"

"आज हत्यारांना सुट्टी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. पण तिच्या माहेरीही त्या दिवशी विळीसुद्धा हलवत नसत, त्यामुळे ती चहा टाकायला गेली. सकाळी मी पिस्तूल फडक्याने पुसलं, वरून अगदी लख्ख, स्लाईड बंद केली आणि पेटीत ठेवलं.

परीक्षेला पाच जण होते. चार तिशीच्या आतले, पाचवी माझी बायको. फेऱ्या चार. शिट्टी वाजली की पिस्तूल काढायचं, आठ थाळ्या पाडायच्या, मध्ये एकदा मॅगझिन बदलायचं, शेवटी रिकामं करून दाखवायचं. नेम किती लागला यापेक्षा हाताळणी सुरक्षित आहे की नाही हे बघतात. बघ्यांसाठी लाल दोरी बांधली होती. प्रशिक्षकांनी पाय फाकवून नियम वाचला: बाहेरून कुणी सूचना दिली तर ती फेरी बाद, आणि एक फेरी बाद म्हणजे परीक्षा बाद.

पहिली फेरी झकास झाली. मी शेजारच्या एका मुलाच्या आईला माझ्या तीनशे छर्ऱ्यांबद्दल सांगू लागलो होतो, तेवढ्यात दुसऱ्या फेरीची शिट्टी झाली. तिसऱ्या छर्ऱ्यानंतर स्लाईड मागे गेली आणि तिथेच राहिली. अर्ध्यावर. पुढेही नाही, मागेही नाही.

बायकोने बोट खटक्यावरून काढलं, मॅगझिनवर खालून थाप मारली, स्लाईड ओढली. एक छर्रा सुटला. पुन्हा अडकलं. तिने पुन्हा ओढली, आणि या वेळी पिस्तुलातून गुलाबी धुरळा उडाला. हॉलच्या दिव्यात तो फार सुंदर दिसला. पाठोपाठ एक लाल दाणा टेबलावर पडला.

आणि मला सगळं एका क्षणात कळलं. तीस वर्षांची सवय. कारण सापडलं की तोंडातून बाहेर पडतं. मी दोरीवर ओणवून ओरडलो, "अगं, अक्षता! आत अक्षता गेल्यात!"

"तू आधी गप्प बस!" बायको मान न वळवता म्हणाली. पिस्तुलाचा रोख जराही हलला नाही.

"स्टॉप!" प्रशिक्षक गरजले. बायकोने पिस्तूल रिकामं केलं, उघडून दाखवलं, टेबलावर ठेवलं. आतून आणखी दोन दाणे पडले. प्रशिक्षक वाकले. बराच वेळ वाकून होते.

"मॅम, इज दॅट राईस?"

"येस."

"कुक्ड?" त्यांच्या मदतनीस बाईंनी विचारलं. का विचारलं ते देव जाणे.

"अनकुक्ड," बायको म्हणाली.

"आणि त्या गृहस्थांनी तुम्हाला काय सांगितलं?" प्रशिक्षकांनी विचारलं.

हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही दोघंच. माझी बायको 'ते मला शुभेच्छा देत होते' असं म्हणाली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण तीही तिची तीस वर्षांची सवय. रुग्णाच्या कागदावर खोटं लिहायचं नाही.

"त्यांनी सांगितलं की आत तांदूळ गेलाय," ती इंग्रजीत म्हणाली. "ती सूचना नव्हती. ते निदान होतं. काय करायचं हे त्यांना कधीच सांगता आलेलं नाही."

प्रशिक्षकांनी नियमांची वही काढली. मला वाटतं त्यांनी 'तांदूळ' शोधला असावा. ती दोन-तीन मिनिटं मला फार लांब वाटली. नोव्हेंबर, एप्रिल, सर्जनबाईंचा तो सौम्य आवाज, सगळं त्या वहीच्या पानांत अडकलं होतं. आणि अडकवणारा मी होतो, पाच आठवडे वही ठेवून. ज्या माणसाच्या जॅकेटची मी सबंध उन्हाळा चेष्टा केली, तो आता माझ्या बायकोचं भवितव्य ओठ हलवत वाचत होता.

शेवटी त्यांनी वही मिटली. "बिघाड तुमचा आहे, तो तुम्हीच काढायचा. दोन मिनिटं. मग ही फेरी पुन्हा. उरलेल्या फेऱ्यांत आणखी काही ऐकू आलं तर मला परीक्षा थांबवावी लागेल." मग माझ्याकडे वळून, पाय सरळ करून, अगदी साध्या माणसासारखे म्हणाले, "सर, तुम्ही बाहेर थांबलात तर तिला सोपं जाईल."

मी बाहेर गेलो. पार्किंगमध्ये आमची गाडी, दोन व्हॅन आणि पाऊस. हॉलच्या खिडक्या उंचावर, आतलं काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. मी खिडकीखाली उभा राहून मोजू लागलो. शिट्टी. पट, पट, पट, पट. थांबलं. मग लक्षात आलं, ती मॅगझिन बदलतेय. पट, पट, पट, पट. पुढच्या फेरीत सहाव्यानंतर इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की मी खिडकीवर चढता येईल का ते पाहिलं. माझं वय सहासष्ट आहे. मग सातवा वाजला, आणि आठवा. शेवटच्या फेरीत छर्रे फार सावकाश सुटत होते, प्रत्येकात एक श्वास जाईल इतक्या अंतराने.

पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली. उजवा हात पोटाशी धरलेला, अंगठ्याचं मूळ सुजून लाल झालेलं. डाव्या हातात प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड. तिने ते माझ्या नाकासमोर धरलं आणि लगेच खिशात घातलं. मला नीट वाचूही दिलं नाही.

"सॉरी," मी म्हणालो.

"अहो डॉक्टर," ती म्हणाली. फार चिडली की ती मला अहो-जाहो करते. "पुढच्या वर्षी माझ्या कुकरमध्ये छर्रे घाला. तेवढंच राहिलंय."

गाडीत बसल्यावर तिने सांगितलं. गुणपत्रिकेच्या क्लिपने तिने आतले दाणे उकरले, पण हळद तेलात मिसळून आत लापशी झाली होती, स्लाईड जड चालत होती. तिसऱ्या फेरीत आणखी एकदा अडकलं, तिने सोडवलं, आणि त्या ओढाताणीत अंगठा संपला. चौथ्या फेरीला पिस्तूल धरवेना.

"मग?"

"विचारलं, कुठला हात वापरायचा असा नियम आहे का. नाही म्हणाले. मग डाव्याने उडवले."

"डाव्याने तू कधी उडवलं नाहीस."

"नाही."

"किती लागले?"

"आठ." काचेवरचा पाऊस बघत तिने डाव्या हाताने पट्टा लावला. "उजव्याने माझे एकदाही आठ लागलेले नाहीत. तुझ्या वहीत बघ." मग जरा वेळाने, "ते म्हणाले, वसंतातल्या सामन्याला नाव देऊन ठेवा. ऑपरेशन उजव्याचं आहे ना, डाव्याचं नाही."

मी विचार करू लागलो. या पिस्तुलाचं मॅगझिन सोडायचं बटण डाव्या बाजूला असतं, उजव्या अंगठ्याखाली. डाव्या हातात ते अडचणीचं होणार. दोन्ही बाजूंना बटण असलेली काही स्वस्त मॉडेलं मी व्हिडिओत पाहिली होती. त्यातल्या एकाबद्दल तीन तारेवाल्या एका माणसाने लिहिलं होतं की...

"नाही," बायको म्हणाली.

"मी काही बोललोच नाही."

"बोलूही नकोस. हेच पिस्तूल, आणि आत काय जातं ते मी बघीन. गाडी काढ."

मी गाडी काढली.